होडी उतरवायचा दिवस

गाडी थांबली की भोंग्याला चैन पडत नसे. चालू असली की ठीक. रस्ता चाकाखालून सरकत राहिला की त्याचा श्वासही बरोबर चालायचा. पण कुठे मुक्काम पडला, खुर्च्या उघडल्या, शेगडीवर चहा चढला, की याचे पाय वळवळायला लागायचे.

आताही तेच. नुकतं फटफटलं होतं. बायको मागच्या फळीवर पांघरुणात गुरफटून झोपली होती आणि हा गुपचूप उठून चालकाच्या जागेवर येऊन बसला होता. इंजिन बंद, किल्ली खिशात, हात मात्र स्टिअरिंगवर. समोर काचेपलीकडे तलाव पसरला होता. त्याच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो रस्ता बघत होता.

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सगळी हयात त्यानं रुग्णवाहिका चालवली. रस्ता तुंबलेला असो की मोकळा, भोंगा वाजवल्याशिवाय हा इस्पितळाच्या फाटकातून बाहेर पडत नाही, म्हणून सफाईवालीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी त्याचं हेच नाव करून टाकलं होतं. त्यालाही ते आवडायचं.

निवृत्त झाल्यावर काय करायचं हे नवराबायकोनं फार आधी ठरवून ठेवलं होतं. एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली. आत झोपायला फळी, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि एक कपाट. त्या कपाटाचं दार डाव्या वळणाला उघडायचं आणि उजव्या वळणाला आपोआप मिटायचं. पडदे बायकोनं शिवले. शिवणकामातच तिची उमर गेली होती. मागे ट्रेलर आणि ट्रेलरवर पत्र्याची छोटी होडी. वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे थांबायचं, होडी उतरवायची, कंटाळा आला की पुढे. असा सगळा बेत होता. गाडी रंगवून झाली, होडीला मोटर बसली, आणि निघायचं म्हणेपर्यंत भोंग्याच्या छातीनं दगा दिला.

वाचला तो. पण डॉक्टरांनी सांगितलं, "चहाच्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. गाडी सावकाश चालवा हवी तर. धावपळ, ओढाताण, चिडचिड, सगळं बंद."

"मग उरलं काय?" त्यानं विचारलं होतं.

"तुम्ही उरलात," डॉक्टर म्हणाले होते.

तो इस्पितळात पडून होता तेव्हा बायको भेटीची वेळ संपली की कुठे गायब व्हायची हे त्याला कळत नसे. नंतर कळलं. लेकीचे सासरे, म्हणजे त्याचे व्याही, ट्रकवाले. पोट स्टिअरिंगला टेकणारा, गडगडाटी हसणारा माणूस. बाजार उठल्यावर मोकळ्या पडलेल्या मैदानात त्यांनी आपल्या विहिणीला ट्रेलर मागे घ्यायला शिकवलं होतं. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे वळवायचं, हे भल्याभल्यांच्या डोक्यात शिरत नाही. बायकोच्या शिरलं. "विहीणबाईंचा हात एकदम साफ!" असं व्याही चारचौघांत सांगायचे आणि भोंगा कसंनुसं हसायचा. आयुष्यभर गाडी चालवली त्यानं, पण ट्रेलर मागे घेणं त्याला कधी धड जमलं नव्हतं. रुग्णवाहिकेच्या मागे ट्रेलर नसतो.

तर असे ते निघाले. पण निघाल्यापासून होडी एकदाही पाण्याला लागली नव्हती. नद्या आल्या, तळी आली, एक खाडीसुद्धा आली. दर वेळी भोंग्याकडे काहीतरी कारण तयार. इथे वारं फार आहे. इथे शेवाळ आहे, मोटरच्या पात्यात अडकेल. इथे गर्दी आहे, तिथे अगदीच चिटपाखरू नाही, काही झालं तर? आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघायची घाई. पाण्यात राहायची वस्तू, पण रस्त्याची धूळ खाऊन खाऊन होडीचा निळा रंग मातकट झाला होता.

"उठलात?" मागून आवाज आला.

"अगं, ढग बघ कसे आलेत. वारं सुटणार आज. आत्ता निघालो तर उन्हाच्या आत पुढे पोचू."

"पुढे कुठे?"

"पुढे म्हणजे... पुढे."

बायको उठून बसली. केस बांधता बांधता तिनं पडदा सरकवला आणि बाहेर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. दूर क्षितिजावर कापसाच्या बोळ्याएवढा एक ढग होता, तोही वाट चुकल्यासारखा.

"हा ढग?"

"वाढतात ते."

"हे बघा," ती म्हणाली, "आज होडी पाण्यात पडल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तुम्हाला जायचं असेल तर ट्रेलर सोडवून ठेवा आणि जा खुशाल."

हा आवाज भोंग्याच्या ओळखीचा होता. लेकीच्या लग्नाला घरातून नाही म्हणत होते तेव्हा ती याच आवाजात बोलली होती, आणि लग्न झालं होतं. तो मुकाट्यानं खाली उतरला.

कामं तिनंच वाटली. होडीवरचे पट्टे ती सोडणार, मोटर ती बघणार, ट्रेलर ती मागे घेणार.

"आणि मी?"

"तुम्ही दोर, लाइफ जॅकेट आणि बूच."

होडीच्या मागच्या बाजूला अगदी तळाशी एक भोक असतं. होडी बाहेर काढली की आत साठलेलं पाणी तिथून वाहून जातं. पाण्यात सोडताना मात्र त्यात बूच ठोकून बसवायचं. अंगठ्याएवढं रबरी बूच. भोंग्यानं ते तळहातावर घेऊन पाहिलं. चार-चार मजल्यांवरून माणसं खुर्चीसकट उचलून आणली होती त्यानं, आणि आता त्याच्या वाट्याला हे. त्यानं बूच शर्टाच्या खिशात टाकलं. पट्टे सुटले की बसवू.

पण पट्टे सुटायला लागले आणि त्याचं तोंडही सुटलं. "तो आधी नको, मागचा आधी. अगं, दोरी तिथे नको ठेवू, पायात येईल. टाकी बघितलीस? टाकीची चावी उघडलीस? बंद कर, आत्ता नको उघडू." बायको आधी "हो" म्हणत होती, मग "हं" म्हणायला लागली, आणि शेवटी काहीच म्हणेनाशी झाली. जेवणाची पिशवी तिनं होडीत टाकली, एक पातेलं टाकलं, आणि जाऊन स्टिअरिंगवर बसली.

तलावाच्या काठाला पाण्यात उतरत जाणारा सिमेंटचा उतार होता. शेजारी लाकडी धक्का. सुट्टीचा दिवस असावा. मागे आणखी दोन गाड्या होड्या घेऊन येऊन उभ्या राहिल्या. भोंगा उताराच्या कडेला उभा राहून हातवारे करू लागला.

"डावीकडे! डावीकडे घे! अगं, तुझं डावं नाही, माझं डावं!"

ट्रेलर वाकडा झाला. बायकोनं गाडी पुढे घेतली, सरळ केली, पुन्हा मागे.

"आता उजवीकडे! थांब! थांब म्हटलं ना! ये, ये, ये... थांब!"

मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. भोंग्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा त्याची बोटं हॉर्नकडे गेली नाहीत. तोवर बायको इंजिन बंद करून खाली उतरली होती. शांतपणे चालत ती त्याच्यापाशी आली.

"एक काम करा. तुम्ही त्या बाकावर जाऊन बसा."

"मी फक्त सांगत होतो की..."

"मला माहीत आहे काय करायचं ते. तुम्ही बोलायला लागलात की मला माझंच डावं-उजवं आठवत नाही."

तो बाकापर्यंत गेला. बसला मात्र नाही. बायकोनं आरशात पाहिलं, व्याह्यांनी शिकवल्याप्रमाणे स्टिअरिंग खालच्या बाजूनं धरलं आणि ट्रेलर सुतासारखा सरळ पाण्यात नेऊन उभा केला. मागच्या गाडीतला माणूस काच खाली करून "वा!" म्हणाला. भोंग्याच्या डोळ्यांपुढे व्याह्यांचं पोट आलं.

मग सगळं झटपट झालं. तिनं होडीचा शेवटचा पट्टा सोडला, ढकलली, होडी तरंगली. लाइफ जॅकेट चढवून ती आत बसली. मोटरची दोरी ओढली. पहिल्यांदा नुसती खोकली, दुसऱ्यांदा चालू झाली. ठरलं असं होतं की तिनं होडी फिरवून धक्क्याला आणायची आणि तोवर त्यानं गाडी वर नेऊन लावायची. मग दोघांनी मिळून फेरी मारायची. गाडी चालवायला त्याला मुभा होती. त्यानं ट्रेलर वर ओढून घेतला, झाडाखाली लावला, चाकांना दगडाची उटी दिली आणि किल्ली ठेवायला शर्टाच्या खिशात हात घातला.

खिशात बूच होतं.

क्षणभर त्याला ती वस्तू काय आहे हेच कळेना. मग कळलं. धावायचं नाही, असं स्वतःला बजावत तो धक्क्याच्या टोकाला धावतच गेला.

"अगंऽ! परत ये! बूच! बूच राहिलं!"

होडी बरीच आत गेली होती. मोटरच्या आवाजात तिला काय ऐकू जाणार? पण हा धक्क्यावर उभा राहून दोन्ही हात हलवतोय एवढं तिनं पाहिलं. सकाळपासून तिनं तेच पाहिलं होतं. डावीकडे, उजवीकडे, थांब, ये. तिनं एक हात वर केला, बस झालं अशा अर्थानं हलवला, आणि मोटरला आणखी वेग देऊन सरळ तलावाच्या मधोमध निघून गेली.

जोरात चालली आहे तोवर होडीला धोका नाही, हे त्याला माहीत होतं. वेगात मागचं पाणी ओढलं जातं, भोकातून आत येत नाही. थांबली की भरायला लागणार. आणि ती थांबणार होती. मधोमध जाऊन मोटर बंद करून नुसतं बसायचं, हे ती घरी पडदे शिवतानाही बोलून दाखवायची.

काठाच्या गवतात एक जाडजूड माणूस रबरी नावेत हवा भरत होता. पायाखाली पंप, कपाळावर घाम, नातवंडं यायच्या आधी नाव फुगवून ठेवायची घाई.

"अहो दादा, चला!" भोंगा म्हणाला.

"कुठे?"

"माझी बायको बुडतेय."

पंपवाल्यानं तलावाकडे पाहिलं. दूरवर निळी होडी झोकात चालली होती. "ती? त्या तर मजेत दिसतात."

"आत्ता दिसतेय! बूच माझ्याकडे आहे!" त्यानं ते त्याच्या नाकापुढे धरलं.

माणूस जाडा असला तरी मंद नव्हता. त्यानं पंप काढून फेकला. नाव पुरती फुगलेली नव्हती. दोघे बसल्यावर ती मधोमध दुमडल्यासारखी झाली आणि दोघांचे गुडघे एकमेकांना भिडले. वल्ही होती, पण प्लास्टिकची, खेळण्यातली म्हणावीत अशी. पंपवाला वल्हवायला लागला. नाव पुढे जायच्या ऐवजी गोल फिरली.

"आणा इकडे," म्हणून भोंग्यानं एक वल्हं ओढून घेतलं. चार-पाच हात मारले असतील नसतील, बरगड्यांच्या मागे काहीतरी आवळलं गेलं. त्याचा हात जागीच थांबला. पंपवाल्यानं त्याच्या चेहऱ्याकडे, मग छातीवर गेलेल्या हाताकडे पाहिलं आणि काही न विचारता वल्हं काढून घेतलं.

"तुम्ही नुसतं दिशा सांगा. माझी पाठ आहे तिकडे."

तिकडे निळ्या होडीचा आवाज थांबला होता.

"डावीकडे," भोंगा म्हणाला. "थोडं डावीकडे. आता सरळ. डावीकडे, डावीकडे..."

आणि बोलता बोलता त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. हे असंच, याच शब्दांत तो आधी एकदा बोलला होता. छातीत कळ आली त्या दिवशी त्याला न्यायला त्याचीच रुग्णवाहिका आली होती. स्टिअरिंगवर नवा पोरगेला चालक. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या गाडीचं छत पाहिलं. पांढरं, मध्ये एक दिवा, दिव्यात मेलेल्या माश्या. खिडकीतून काही दिसत नव्हतं, पण प्रत्येक वळण त्याला पाठीनं कळत होतं. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून तो सारखा ओरडत होता, डावीकडे घे, बाजारातून नको, आता उजवीकडे. नर्स म्हणत होती, बोलू नका. तो थांबला नव्हता.

"अजून डावीकडे?" पंपवाल्यानं धापा टाकत विचारलं.

भोंग्याची नजर निळ्या होडीवर खिळली होती. होडीत बायको उभी राहिली होती. मग बसली. मग वाकली आणि दिसेनाशीच झाली. होडी रिकामी दिसत होती, आणि कडा पाण्याच्या फार जवळ आल्या होत्या.

तो उठायला गेला. रबरी नाव अशी काही डुचमळली की पंपवाला ओरडला, "अहो, बसा! दोघंही जाऊ!"

बसून राहावं लागलं. आयुष्यात कुणापर्यंत पोचायला त्याला इतका वेळ लागला नव्हता. वल्ही फटफट पाण्यावर पडत होती आणि नाव गोगलगायीसारखी सरकत होती. तो नुसता बघत राहिला.

मग होडीतून पातेलं वर आलं. पाण्याची एक चादर उन्हात चमकून तलावात पडली. पुन्हा पातेलं, पुन्हा पाणी. बायकोचं डोकं दिसलं, केस सुटलेले. ती न थांबता उपसत होती. थोड्या वेळानं तिनं मोटरची दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मोटर गुरगुरली, होडीनं जडपणे तोंड फिरवलं आणि ती धक्क्याकडे नव्हे, तर सगळ्यात जवळच्या काठाकडे सुटली. तिकडे नुसता चिखल आणि लव्हाळी. होडी तशीच, वेग कमी न करता, लव्हाळ्यांत घुसली आणि निम्मी काठावर चढून तिरकी थांबली.

"शाबास!" पंपवाला वल्हं उंचावून ओरडला. नाव पुन्हा गोल फिरली.

ते पोचले तेव्हा बायको गवतात बसून मोजे पिळत होती. कमरेपर्यंत भिजलेली, गालाला चिखल. होडीत घोटाभर पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या पोळ्या. मागच्या भोकात एक गाजर ठोकून बसवलेलं होतं.

"गाजर?" पंपवाला म्हणाला.

"जेवणातलं," ती म्हणाली. "जाड होतं थोडं, दातांनी तासलं." मग नवऱ्याकडे वळली. "बूच कुठे आहे?"

त्यानं मूठ उघडली. इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उमटला होता.

ती काहीतरी लागेल असं बोलणार होती. तसे ओठ झाले होते तिचे. पण त्याचा रंग बघून तिनं मोजे टाकले आणि त्याचं मनगट धरलं. "बसा आधी. दुखतंय?"

"नाही. थोडं. गेलं आता."

"वल्हवलंत?"

"चार हात."

"मी थांबवलं त्यांना," पंपवाला म्हणाला, आणि इथे आपलं काम नाही हे ओळखून होडीतलं पाणी उपसायला गेला.

भोंगा गवतात बसला.   मग म्हणाला, "मी ओरडत होतो तुला."

"दिसलं. मला वाटलं, आता काय चुकलं बाई माझं."

"तुझं काही चुकत नाही. तू मला न विचारता सगळं करतेस, तेच बघवत नाही." हे बोलून गेल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, म्हणून तो पुढे बोलत राहिला. "त्या दिवशी गाडीत मी त्या पोराला रस्ता सांगत होतो. त्याला रस्ता माहीत होता गं. मला कळत होतं की त्याला माहीत आहे. पण बोलायचं थांबलो तर संपलो, असं वाटत होतं. अजून वाटतं. गाडी थांबली की तेच छत दिसतं."

बायकोनं तिकडे, निळ्या होडीकडे पाहिलं. पंपवाला पातेल्यानं पाणी काढता काढता एक पोळी उचलून बघत होता.

"हे आधी सांगायचं नाही का?" ती म्हणाली. "मी समजत होते तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही."

"तसं नाही."

"मग बोला की. दिवसभर बोला. मला फक्त काय करायचं ते सांगू नका. दुसरं काहीही बोला."

"दुसरं काय बोलू?"

"ते मी कशाला सांगू?"

पंपवाल्यानं जाताना धक्क्यापर्यंत सोडू का म्हणून विचारलं, पण त्याच्या नावेतली हवा निम्मी गेली होती, तेव्हा सगळेच हसले आणि तो नाव डोक्यावर घेऊन काठाकाठानं पायी निघाला. बायकोनं भोकातून गाजर काढलं आणि नवऱ्यापुढे जागा करून दिली. त्यानं चिखलात गुडघे टेकले, बूच आत सारलं, दगडानं ठोकलं, बोटानं चाचपलं, पुन्हा ठोकलं.

"अजून फेरी मारायची आहे तुला?" त्यानं विचारलं. त्याच्या मनात गाडी होती. उन्हं उतरायच्या आत निघता आलं असतं.

"त्यासाठीच आलोय ना?"

होडी तिनं ढकलली. तो पुढच्या फळीवर, तिच्याकडे तोंड करून बसला. मोटर चालू झाली, काठ लांब गेला, आणि मग मधोमध तिनं मोटर बंद केली. सगळं थांबलं. भोंग्याचा पाय ताबडतोब वळवळायला लागला. त्यानं फळी धरली. घशापर्यंत शब्द आले, डावीकडे घे, मागे बघ, वारं येतंय. ते त्यानं गिळले.

"तो माणूस," तो म्हणाला, "पोळी खाऊन गेला आपली. भिजलेली."

"खाऊ दे. दोन खाल्ल्या?"

"एकच बघितली मी." तो थांबला. शांतता लगेच जवळ आली, तेव्हा त्यानं घाईघाईनं आजूबाजूला पाहिलं. "तिकडे एक पक्षी आहे. काळा. पंख पसरून उभा आहे, वाळत घातल्यासारखा. आणि त्या खुंटावर कासव... नाही, लाकूडच आहे. थांब, हललं. कासवच आहे."

बायकोनं ओले पाय समोरच्या फळीवर टाकले आणि डोळे मिटले.

"मग?" ती म्हणाली.

"मग ते पाण्यात गेलं. आता नुसती वर्तुळं आहेत..."